हिरवे गर्भजल, नाळेच्या वाहिन्या आणि फेकून दिलेली वार

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

प्रसूतीत बाळ दगावले किंवा जन्मल्याबरोबर रडले नाही म्हणून त्याला काचेच्या पेटीत ठेवावे लागले, की त्या बातमीत एक वाक्य हमखास वाचायला मिळते : 'बाळाने पोटातच शी केली होती, तरीही सिझर करायला उशीर झाला.' नातेवाइकांच्या तोंडी हे वाक्य येणे स्वाभाविक आहे, कारण त्यांना तेच सांगितलेले असते, आणि तेही बहुधा लेबर रूमच्या दाराशी, कागदांवर सह्या घेता घेता. रुग्णालयाचा खुलासाही त्याच वाक्याभोवती फिरतो. फक्त बाजू बदलते आणि 'शी अचानक झाली, आमच्या हातात काही नव्हते' असे सांगितले जाते. मी एका जिल्ह्याच्या ठिकाणी विकृतिशास्त्राचे, म्हणजे लोक ज्याला पॅथॉलॉजी म्हणतात त्याचे, काम करून निवृत्त झाले आहे आणि माझा आक्षेप या दोन्ही बाजूंना आहे. शी साधारण केव्हा झाली असावी आणि तिने बाळाच्या रक्तवाहिन्यांना इजा केली का, याची सर्वांत वाचनीय नोंद नाळेवर आणि वारेवर (प्लॅसेंटावर) उमटलेली असते. आणि वादाला तोंड फुटते तोपर्यंत ती नाळ व वार रुग्णालयातील कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत भरून भट्टीकडे रवाना झालेली असते.

आधी या शीविषयी. वैद्यकात तिला मेकोनियम म्हणतात. गर्भातले बाळ गर्भजल गिळत असते. त्याबरोबर अंगावरून झडलेली लव आणि त्वचेचा पांढरा चिकट थर पोटात जातो, आतड्याच्या अस्तराच्या पेशी त्यात मिसळतात आणि यकृतातून उतरलेल्या पित्ताने सगळ्याला गडद हिरवा रंग येतो. तीन चतुर्थांशाच्या आसपास पाणीच असले, तरी उरलेल्या भागात पित्ताम्ले, पित्तरंजके, मेदाम्ले आणि स्वादुपिंडाची पाचक विकरे असतात, आणि नाळेच्या दृष्टीने महत्त्व आहे ते यांना. एरवी ही शी जन्मानंतर पहिल्या दोन दिवसांत होते. शंभरातील साधारण दहा ते पंधरा प्रसूतींत ती आधीच गर्भजलात उतरलेली आढळते. चौतिसाव्या आठवड्यापूर्वी असे क्वचित घडते. दिवस वर जाऊन बेचाळिसावा आठवडा उलटला, की तीनांतील एका प्रसूतीत ते दिसू लागते. म्हणजे बऱ्याच वेळा बाळाचे आतडे पक्व झाल्याचीच ती खूण असते. प्राणवायू कमी पडल्याने आतड्याची हालचाल वाढून आणि गुदद्वाराचा स्नायू सैल पडूनही शी होते, परंतु केवळ हिरव्या पाण्यावरून यांतले कोणते कारण घडले हे ठरवता येत नाही. हिरव्या पाण्यात जन्मलेली बहुसंख्य बाळे ठणठणीत असतात, हे बातम्यांतून कधीच कळत नाही.

आजवर डॉक्टरांचे लक्ष मुख्यतः फुप्फुसांवर राहिले आहे, आणि त्याला कारणही आहे. अशा शंभर बाळांतील सुमारे पाच बाळांच्या श्वासात मेकोनियम जाऊन फुप्फुसाचा गंभीर आजार होतो. तो टाळण्यासाठी डोके बाहेर येताक्षणीच बाळाचे नाकतोंड नळीने ओढून साफ करण्याची रीत कित्येक वर्षे जगभर चालली. २००४ मध्ये मुख्यतः अर्जेंटिनातील रुग्णालयांत झालेल्या मोठ्या चाचणीत तिचा उपयोग दिसला नाही. मरगळलेल्या बाळाच्या श्वासनलिकेत नळी घालून ती साफ करण्याची सक्तीही पुढे सैल झाली, आणि त्यासंबंधीची एक महत्त्वाची चाचणी आपल्याच देशात, पुदुच्चेरीच्या जिपमर या वैद्यकीय संस्थेत झाली. फुप्फुसांच्या बाबतीत आपण अशी एकेक समजूत तपासून घेतली. नाळेच्या बाबतीत मात्र आपल्याकडच्या प्रसूतिगृहांत हा विषय अजून फारसा निघतच नाही.

वास्तविक नाळेची रचनाच अशी आहे, की गर्भजलात विरघळलेल्या पदार्थाला तिच्यात शिरणे सोपे जावे. पूर्ण दिवसांच्या बाळाची नाळ पन्नास-साठ सेंटिमीटर लांब असते. तिच्यात दोन रोहिण्या आणि एक नीला असते, आणि इथे त्यांची कामे शाळेत शिकलेल्या नियमाच्या उलट असतात : वारेकडून प्राणवायूयुक्त रक्त नीला आणते आणि बाळाकडचे वापरलेले रक्त रोहिण्या परत नेतात. या तिन्ही वाहिन्या ज्या गुळगुळीत, पाणीदार गरात रुतलेल्या असतात, त्याला सतराव्या शतकातील इंग्रज वैद्य टॉमस व्हार्टन यांच्या नावावरून व्हार्टनची जेली म्हणतात. या जेलीत केशवाहिन्या नाहीत. वाहिन्यांच्या भिंतींना स्वतःचा वेगळा रक्तपुरवठा नाही. नाळेच्या बहुतांश लांबीत चेतातंतूही नाहीत. बाहेरून आवरण आहे ते पेशींच्या एका पातळ पदराचे. त्यामुळे मेकोनियममधील पित्ताम्ले आणि विकरे गर्भजलातून झिरपत आत गेली, तर ती वाहून नेण्यासाठी जेलीत दुसरी वाट नाही. आणि चेतातंतूंचे नियंत्रण नसल्याने वाहिनीच्या भिंतीतला स्नायू ताण, तापमान आणि रसायने यांनाच प्रतिसाद देतो. त्या तीन वाहिन्यांपैकी नीला आकसली, तर बाळाचा प्राणवायू ज्या एका वाटेने येतो ती वाटच अरुंद होते.

हा विचार ठोस रूपात मांडला तो अमेरिकेतील ओक्लाहोमाचे विकृतिशास्त्रज्ञ जेफ्री आल्टशुलर यांनी. १९८९ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने नाळेतील नीलेचे तुकडे मेकोनियमच्या द्रावणात ठेवून दाखवले, की ते आकसतात. १९९१ मध्ये वारेच्या पृष्ठभागावरील नीला पित्ताम्लांमुळे आकसतात, असेही प्रयोगात आढळले. १९९२ मध्ये आल्टशुलर यांच्या गटाने पुढचे निरीक्षण प्रसिद्ध केले : मेकोनियमच्या दीर्घ संपर्कात राहिलेल्या काही नाळांत वाहिन्यांच्या भिंतीतील स्नायूपेशी मेलेल्या होत्या, काही ठिकाणी नाळेला व्रण पडले होते, आणि अशा बाळांची प्रकृती जन्मानंतर बरी नव्हती. पुढे क्लीव्हलंडचे रेमंड रेडलाइन यांनी न्यायालयीन दाव्यांच्या निमित्ताने जमा झालेल्या, मेंदूला इजा पोहोचलेल्या पूर्ण दिवसांच्या मुलांच्या वारांचा अभ्यास केला. २००५ मध्ये त्यांनी बाळाच्या बाजूच्या रक्तवाहिन्यांच्या ज्या मोजक्या गंभीर विकृती या मुलांत जास्त आढळतात म्हणून सांगितल्या, त्यांत मेकोनियममुळे होणारा वाहिन्यांचा पेशीमृत्यू ही एक होती.

ही विकृती दिसते कशी, ते थोडे सविस्तर सांगणे भाग आहे, कारण ती ओळखायला महागडे यंत्र लागत नाही. मेकोनियममध्ये राहिलेली नाळ हाताला बुळबुळीत लागते आणि हिरवट दिसते. ओल्या कापडाने पुसल्यावर रंग निघून आला, तर शी नुकतीच झालेली असते. मुरलेला रंग कितीही पुसला तरी निघत नाही. मग नाळेचे आडवे काप घेऊन नेहमीच्याच हिमाटॉक्सिलिन-इओसिन रंगांनी स्लाइड तयार करायची. निरोगी भिंतीतल्या स्नायूपेशी लांबट, दोन्ही टोकांना निमुळत्या आणि एकमेकींना बिलगून असतात. बाधित भिंतीत वाहिनीच्या बाहेरच्या कडेला, तेही नाळेच्या पृष्ठभागाला जवळ असलेल्या बाजूस, ही वीण उसवलेली दिसते. पेशी गोल झालेल्या असतात, इओसिनने नेहमीपेक्षा अधिक लालभडक रंगतात, त्यांची केंद्रके आकसून काळी पडलेली असतात आणि दोरा तुटल्यावर मणी विखुरावेत तशा त्या सुट्या पडतात. भोवतालच्या जेलीत पिवळट-तपकिरी कण गिळलेल्या भक्षकपेशी सापडतात. त्याच वाहिनीचा आतला थर आणि पलीकडची बाजू मात्र पुष्कळदा शाबूत असते, आणि इजा बाहेरून आत शिरली हे त्यावरून कळते. जंतुसंसर्गात दिशा नेमकी उलटी असते. तिथे बाळाच्याच रक्तातल्या पांढऱ्या पेशी वाहिनीची भिंत आतून भेदून गर्भजलाच्या दिशेने निघालेल्या दिसतात. एकाच नाळेत या दोन्ही गोष्टी आढळणेही विरळा नाही, आणि तेव्हा बाळाच्या आजाराचे खापर एकट्या मेकोनियमवर फोडता येत नाही.

यात फसायला जागा भरपूर आहेत. जन्मानंतर थंड हवा लागून आणि ताण बसून नाळेच्या रोहिण्या मिनिटांतच घट्ट मिटतात. निसर्गाची ती योजनाच आहे. म्हणून स्लाइडवर अरुंद दिसणारी रोहिणी हा मेकोनियमचा पुरावा ठरत नाही, पेशीमृत्यू मात्र पुरावा ठरतो. दुसरे असे, की एप्रिल-मे महिन्यांत लेबर रूमच्या कोपऱ्यातल्या बादलीत तासन् तास राहिलेली वार कुजू लागते, आणि कुजलेल्या स्नायूपेशी नवख्या नजरेला मेकोनियमने मेलेल्या वाटू शकतात. कुजणे मात्र सर्वत्र सारखे असते. मेकोनियमची इजा एकतर्फी असते. तिसरे, जुन्या रक्तस्रावातले लोहयुक्त कणही भक्षकपेशींत तपकिरीच दिसतात. ते ओळखण्यासाठी पर्ल्सचा निळा रंग वापरतात. लोह निळे होते, मेकोनियम होत नाही. गर्भातच दगावलेल्या बाळाच्या नाळेचा हिरवट-तपकिरी रंग तर पुष्कळदा मेकोनियमचा नसतोच, तो फुटलेल्या रक्तपेशींचा असतो. मृत बाळाच्या आईला कोणी रंग पाहूनच 'शी झाली होती' असे सांगितले असेल, तर ते विधान तपासणीविना मान्य करू नये.

आता वेळेचा प्रश्न. १९८५ मध्ये विकृतिशास्त्रज्ञ कर्ट बेनिर्शके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वारेची आवरणे मेकोनियममध्ये बुडवून ठेवली. साधारण तासाभरात गर्भजलाला लागून असलेल्या पदरात आणि तीन तासांच्या सुमारास त्याखालच्या पदरात रंगद्रव्य गिळलेल्या भक्षकपेशी दिसू लागल्या. हा प्रयोगशाळेतला वेग आहे. प्रत्यक्ष गर्भात, जिथे मेकोनियम पाण्याने पातळ झालेले असते, तिथे जास्त वेळ लागतो असे मानले जाते. बाळाची नखे पिवळी पडायला चार ते सहा तास पुरतात. वाहिन्यांच्या स्नायूपेशी मरायला मात्र किमान सोळा तास, आणि पुष्कळदा त्याहून अधिक वेळ लागतो, असे या क्षेत्रातले जाणकार धरतात. हे घड्याळ मिनिटांचे नाही आणि त्यावर एखाद्या डॉक्टरच्या अर्ध्या तासाचा हिशेब मांडता येणार नाही. परंतु 'आज सकाळी' की 'काल कधीतरी' एवढा भेद करण्याइतके ते बरे चालते.

हा भेद कोणाच्या बाजूने पडेल, हे आधी सांगता येत नाही, आणि मला वाटते त्यामुळेच तो दोन्ही पक्षांना नकोसा असतो. समजा, एक बाई पहाटे चार वाजता कळा सुरू झाल्या म्हणून दाखल झाली, आठ वाजता पाणी फुटले ते हिरवे निघाले, साडेनऊला सिझर झाले आणि बाळ मरगळलेले निघाले. नाळेत वाहिन्यांचा पेशीमृत्यू सापडला, तर मेकोनियम आदल्या दिवशीच गर्भजलात आले असण्याचा संभव मोठा आहे. आठ ते साडेनऊ या दीड तासावर सगळे भांडण लढणे मग व्यर्थ होते. परंतु तीच बाई दिवस वर गेल्यामुळे दोन दिवस आधीपासून रुग्णालयातच असेल, तर तोच निष्कर्ष रुग्णालयाला विचारतो, की त्या दोन दिवसांत बाळाच्या ठोक्यांची नोंद किती वेळा घेतली आणि 'हालचाल कमी वाटते' असे तिने कोणाला सांगितले होते का. आणि नाळेवरचा रंग कोवळा, वाहिन्या निर्दोष आणि आवरणांत भक्षकपेशी नाहीत असे दिसले, तर शी अगदी शेवटी झाली असे समजून बाळाच्या आजाराचे कारण दुसरीकडे शोधावे लागते. पाणमोट फुटण्याआधी पाण्याचा रंग कोणालाच दिसत नसतो, सोनोग्राफीवरूनही तो खात्रीने सांगता येत नाही. म्हणून जन्मानंतरची ही तपासणी जास्तच मोलाची ठरते.

इथे माझ्याच बाजूच्या अतिउत्साहाला आवर घालायला हवा. आल्टशुलर यांच्या प्रयोगानंतर काही वर्षांतच, १९९५ मध्ये, एका दुसऱ्या अमेरिकन गटाला उलट निरीक्षण मिळाले : थ्रॉम्बॉक्सेनसारख्या द्रव्याने आकसवलेल्या नाळेच्या वाहिन्या मेकोनियमच्या उपस्थितीत कमी आकसल्या. काचेच्या भांड्यातला तुकडा आणि जिवंत गर्भातली, आतून रक्त वाहत असलेली नाळ यांत अंतर आहेच. शिवाय ज्या संकटामुळे बाळाने शी केली, त्या संकटानेच त्याच्या मेंदूला इजा केली असेल आणि नाळेतला पेशीमृत्यू हा केवळ सोबतीला आलेला असेल, ही शक्यताही कोणी निकालात काढलेली नाही. माझे मत असे, की स्नायूपेशी मरतात ही गोष्ट पक्की, त्या मेकोनियमच्या संपर्काने मरतात हेही जवळजवळ पक्के. पण मरण्यापूर्वी वाहिनी इतकी आकसते का, की बाळाचा रक्तपुरवठा धोक्यात यावा, हे अजून सिद्ध व्हायचे आहे. त्यामुळे 'नाळेत पेशीमृत्यू आढळला' याचा अर्थ 'लवकर सिझर केले असते तर बाळ वाचले असते' असा कोणी न्यायमंचापुढे लावू लागला, तर तो अर्थ लावणाऱ्याचा असेल, स्लाइडचा नव्हे.

पित्ताचा नाळेला उपद्रव होतो, याला दोन वेगळ्या दिशांनी पुष्टी मिळते. ज्या बाळांचे लहान आतडे वरच्या भागात जन्मतःच बंद असते, त्यांच्यातील काहींच्या नाळेला लांबट व्रण पडून त्यातून रक्तस्राव झाल्याचे १९९१ पासून नोंदले गेले आहे. आतडे पुढे बंद असल्याने या बाळांच्या पोटातला पित्तमिश्रित द्रव उलटून गर्भजलात येत असावा, असे त्याचे एक स्पष्टीकरण दिले जाते. दुसरी गोष्ट आईच्या यकृताची आहे आणि ती वाचकांच्या सरळ उपयोगाची आहे. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत काही स्त्रियांच्या रक्तात पित्ताम्ले साठू लागतात. अंगावर पुरळ नसते, पण तळहात आणि तळपाय खाजतात, रात्री जास्त. आपल्याकडे घरोघरी याला 'उष्णता वाढली' म्हणून सब्जाचे पाणी दिले जाते आणि प्रश्न मिटला असे समजतात. अशा गरोदरपणांत हिरव्या पाण्याचे प्रमाण अधिक असते, आणि रक्तातील पित्ताम्ले लिटरमागे १०० मायक्रोमोल किंवा त्याहून वर गेली, तर बाळ गर्भातच दगावण्याचा धोका शंभरात तीनच्या वर जातो, असे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अनेक देशांतील नोंदी एकत्र करून केलेल्या अभ्यासात दिसले. पित्ताम्लांची तपासणी साध्या रक्ताच्या नमुन्यावर होते. ज्या स्त्रीला हा त्रास एकदा झाला, तिला पुढच्या खेपेला तो पुन्हा होण्याची शक्यता मोठी असते. त्यामुळे पहिल्या वेळचे कारण कागदावर असणे तिच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे.

मग वार आणि नाळ तपासली का जात नाही? पूर्वी सुईण वार परड्यात पुरायला सांगे. आता ती जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ प्रमाणे पिवळ्या पिशवीत जाते. याच नियमांनुसार असा कचरा प्रक्रियेविना ४८ तासांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. परंतु तपासणीसाठी काढून ठेवलेला नमुना हा कचरा नव्हे, आणि ४८ तासांची ही मुदत तशी पुरेशीही आहे. जन्मावेळी प्राणवायू कमी पडलेल्या बाळाला झटके यायचे असतील, तर बहुधा ते पहिल्या चोवीस तासांतच येतात; म्हणजे कोणत्या बाळाची वार जपून ठेवायला हवी होती, हे वार हाताशी असतानाच कळते. अडते ते एवढ्यावर, की ती वार कुठे आहे हे त्या वेळी कोणालाच ठाऊक नसते. झाकणाचा एक प्लॅस्टिकचा डबा, त्यावर आईचे नाव, नोंदणी क्रमांक आणि जन्मवेळ, आणि सुमारे चार अंश तापमानाचा साधा फ्रीज एवढी तयारी तालुक्याच्या गावीही होण्यासारखी आहे. वार गोठवायची मात्र नाही, बर्फ झाल्यावर पेशी फुटतात आणि स्लाइड वाया जाते. ज्यांना फ्रीजची सोय नाही, त्यांनी निदान नाळेचे दोन तुकडे, एक बाळाकडच्या टोकाचा आणि एक वारेपासून साधारण पाच सेंटिमीटरवरचा, फॉर्मलिनच्या बाटलीत टाकून ठेवावेत. २०१४ साली अॅमस्टरडॅम येथे जमलेल्या विकृतिशास्त्रज्ञांनी नाळेच्या नमुन्यासाठी हीच दोन ठिकाणे ठरवून दिली आहेत. प्रसूतीच्या वेळीच चिमट्यांनी दोन्हीकडून बंद केलेल्या नाळेच्या तुकड्यातून तासाभराच्या आत रक्त काढून त्याची आम्लता मोजली, तर जन्माच्या क्षणी बाळाची अवस्था काय होती, हेही आकड्यात मिळते.

प्रत्येक हिरव्या पाण्याच्या प्रसूतीची वार तपासावी, असा माझा हट्ट नाही. तसे केले तर जिल्ह्यातल्या मोजक्या विकृतिशास्त्रज्ञांना कर्करोगाच्या तपासण्या बाजूला ठेवाव्या लागतील, आणि ठणठणीत बाळाच्या आईला नको त्या शब्दांनी भरलेला अहवाल हाती पडेल. पाणी दाट हिरवे असून बाळ मरगळलेले असेल, त्याला झटके आले, त्याला अतिदक्षता विभागात हलवावे लागले किंवा ते दगावले, तर तपासणी झालीच पाहिजे, इतकेच माझे म्हणणे आहे. माझ्या व्यवसायबंधूंना आणि भगिनींनाही एक सांगायचे आहे. 'वारेचा नमुना, विशेष काही आढळले नाही' अशा एका ओळीचे अहवाल मी कारकिर्दीत पुष्कळ वाचले. त्यांतल्या कितीतरी अहवालांत नाळेचा काप घेतला होता की नाही, याचा उल्लेखही नसे. रंग मुरलेला होता की पुसून निघाला, भक्षकपेशी कोणत्या पदरापर्यंत पोहोचल्या होत्या, वाहिन्यांच्या बाहेरच्या कडेच्या स्नायूपेशी जिवंत होत्या की मेलेल्या आणि संसर्गाच्या पांढऱ्या पेशी होत्या की नव्हत्या, ही चार वाक्ये लिहायला वेगळे प्रशिक्षण लागत नाही. काही आढळले नाही, तर तेही याच चार वाक्यांत लिहावे. दाव्याच्या वेळी 'पाहिले आणि नव्हते' आणि 'पाहिलेच नाही' यांत जमीन-अस्मानाचे अंतर पडते.

आईबापांनी काय करावे, असे मला नेहमी विचारले जाते. बाळ अतिदक्षता विभागात गेल्यावर घरच्यांपैकी एकाने, शक्य झाले तर त्याच दिवशी, वार जपून ठेवून तपासणीला पाठवावी असा लेखी अर्ज द्यावा. त्यात आरोप नसावा, विनंती असावी. बहुतेक डॉक्टर ती नाकारत नाहीत, कारण अहवाल त्यांच्याही उपयोगाचा असतो. सहा महिन्यांनी वकिलाच्या सांगण्यावरून मागायला गेल्यास देण्यासारखे काहीच उरलेले नसते आणि मग तज्ज्ञांची मते, फाइलवरच्या वेळा आणि बाळाच्या ठोक्यांच्या मॉनिटरच्या पट्ट्या यांवरच सगळे प्रकरण चालते; त्या पट्ट्यांचे वाचन दोन तज्ज्ञ दोन प्रकारे करतात, हा तर सर्वांचाच अनुभव आहे.

आपल्या दैनिकाकडे माझी मागणी लहान आहे. अशी बातमी येते तेव्हा आपले प्रतिनिधी नातेवाइकांची तक्रार आणि रुग्णालयाचा खुलासा हे दोन्ही घेतातच; त्याबरोबर नाळ आणि वार तपासणीला पाठवली होती का, पाठवली असल्यास अहवाल आला का आणि पाठवली नसल्यास का नाही, हे रुग्णालयाला विचारून त्याचे उत्तर छापावे. आणि तो अहवाल येईपर्यंत 'पोटातच शी केल्याने बाळाचा मृत्यू' असा मथळा देऊ नये.

आपली विश्वासू,

एक निवृत्त विकृतिशास्त्रज्ञ, सातारा